नंबर

मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यात तीन ठिकाणी ओळख लागते. रेल्वेच्या आरक्षणात, मुलाच्या शाळाप्रवेशात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात. पहिल्या दोन ठिकाणी माझी ओळख ऐन वेळी कधीच निघाली नाही. तिसऱ्या ठिकाणी मात्र मी भाग्यवान. आता डॉक्टरांची ओळख तर काय, सगळ्यांचीच असते. माझी कंपाउंडरची होती.

आमचे तात्या त्या दवाखान्यात कधीपासून आहेत, हे बहुधा त्यांनाही आठवत नसावं. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोस दाखवायचे, गुलाबी मिक्स्चर घरूनच नेलेल्या बाटलीत मिळायचं, त्या काळापासूनचे ते. मी दारात दिसलो की तात्या नुसती भुवई उडवत. म्हणजे, "बसल्यासारखं करा, पुढचा नंबर तुमचा." मग मी बसल्यासारखं करी, आणि खुर्ची गरम व्हायच्या आत आत जाई. या भुवईची किंमत वर्षाला एक आंबाबर्फीचा पुडा आणि मोसमात एक डझन हापूस. वीस वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला. याला लाच म्हणायचं, हे कधी माझ्या मनातही आलं नाही. लाच सरकारी कचेरीत देतात. दवाखान्यात देतात तो स्नेह.

थोरले डॉक्टर थकले आणि चिरंजीव बसायला लागले. पहिल्याच महिन्यात भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक कागद आला. "कर्मचाऱ्यांसाठी नियम." क्रमांक सोडून कोणालाही आत पाठवू नये. पेशंटकडून भेटवस्तू घेऊ नयेत. पेशंटची माहिती कोणालाही सांगू नये. स्वतःच्या मनाने औषध सुचवू नये. कामाच्या वेळी मोबाइल वापरू नये. खाली नियमभंगाची वही टांगलेली. कर्मचारी मोजून दोन, तात्या आणि केर काढणाऱ्या मावशी. एवढ्या दोघांसाठी पाच नियम म्हणजे माणशी अडीच झाले. सरकारसुद्धा इतकं कडक नसतं.

त्या दिवाळीत मी पुडा नेला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, "साहेब, नंबर सतरा."

माणसाचा अपमान असाही होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या नियमाची गंमत तर वेगळीच. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा दवाखान्यात दिसायला लागले. शेजारधर्म म्हणून मी तात्यांना हळूच विचारलं, "काय, विशेष काही?" तात्या म्हणाले, "त्यांनाच विचारा." आता त्यांनाच विचारता आलं असतं तर तात्यांना कशाला विचारलं असतं? मी जरा घुश्शातच घरी आलो.

पुढे माझ्याच रक्तात साखर निघाली. "घरी सांगू नका" असं मी तात्यांना बजावलं. हिनं दुसऱ्याच दिवशी त्यांना गाठलं. तात्या म्हणाले, "वहिनी, त्यांनाच विचारा." त्या संध्याकाळपासून माझ्या चहातली साखर बंद झाली. मी तात्यांवर उखडलो. ते म्हणाले, "मी एक अक्षर बोललो नाही." ही म्हणाली, "तेच तर! काही नसतं तर 'काही नाही हो वहिनी' म्हणाले असते."

तात्यांना ते फार लागलं. तेव्हापासून ते कोणाच्याही बाबतीत, नुसतं नाक वाहत असलं तरी, "त्यांनाच विचारा" एवढंच म्हणतात. मोठ्या दुखण्याच्या वेळी तेवढं गप्प राहिलं, तर ते गप्प राहणंच बोलून जातं. गुपित राखायचं तर सर्दीपासून राखायला हवं. ही गोष्ट मला कुठल्या ग्रंथातून नाही, चहाच्या कपातून कळली.

ग्रंथ मात्र मी नंतर काढले. (मराठी माणूस चिडला की वाचायला लागतो.) रोग्याच्या घरात जे दिसेल ते बाहेर बोलू नये, हा उपदेश चरकसंहितेत वैद्यकीच्या शिष्याला केलेला आहे. ग्रीकांच्या हिपोक्रॅटिसच्या नावानं चालणाऱ्या शपथेतही तेच. आपल्याकडे 2002 साली डॉक्टरांसाठी आचारनियम आले, त्यांतही रोग्याची गुपितं फोडायला मनाई आहे. न्यायालयाचा हुकूम, कोणाला गंभीर धोका, कळवणं सक्तीचं असलेले रोग, एवढेच अपवाद. पण हे सगळं डॉक्टरांना! डॉक्टर पेशंटला पाच मिनिटं बघतात. कंपाउंडर त्याला तासभर बघतो. कोण कोणाबरोबर आलं, कोण एकटं आलं, कोणी फी देताना दोनदा खिसा चाचपला, कोण बाहेर आल्यावर रडलं, सगळं त्याला ठाऊक. आणि त्याला मात्र कुठलीही शपथ नाही.

चरकानं निदान त्याची दखल तरी घेतली. चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुण चार. सेवेचं ज्ञान, दक्षता, शुचिता आणि भर्त्याविषयी अनुराग. हा शेवटचा गुण वाचून मी अडखळलो. भर्ता म्हणजे पोसणारा. मग कंपाउंडरला पोसतो तो कोण? पगार देणारा डॉक्टर, की ज्याच्या फीतून तो पगार निघतो तो पेशंट? बर्फी देणारा मी तर या यादीत कुठेच बसेना.

आणि मग ती जुलैतली संध्याकाळ आली. बाहेर धो धो पाऊस, आत खोकल्यांची जुगलबंदी. माझा नंबर नववा. आठवा आत गेला होता. मी छत्री सावरून उठायच्या तयारीत. तेवढ्यात नुकतेच आलेले एक आजोबा, "जरा पित्त झालंय" असं म्हणत कोपऱ्यात टेकले. तात्यांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, उठले, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यांना आधी सोडतोय. ह्यांचा नंबर एकवीस आहे. पाऊस गार आहे आणि ह्यांना घाम फुटलाय."

आणि मी, हे लिहायला आजही बोट अडतं, मी उठून भिंतीकडे हात केला आणि म्हणालो, "तात्या, नियम नंबर एक!"

वीस वर्षं ज्यानं एक नियमही पाळला नाही, त्याला नियम असा आठवतो.

तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडून आजोबांना धरून आत नेलं. आठवा नंबर शर्टाची बटणं लावत बाहेर आला. थोड्या वेळानं आतून ईसीजीची पट्टी आली, 108 ला फोन गेला, रुग्णवाहिका आली. डावा हात दुखतोय हे आजोबांनी पित्ताच्या खात्यात जमा केलं होतं. ते वाचले. नंतर मी विचारलं तेव्हा तात्या "त्यांनाच विचारा" म्हणाले, आणि खरोखरच महिन्याभरानं ते मला विचारता आलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. तात्या नियमभंगाच्या वहीत लिहीत होते. "क्रमांक सोडून एक पेशंट आत पाठवला. कारण घाम. तात्या." डॉक्टर म्हणाले होते, लिहायची गरज नाही. तात्यांनी लिहिलंच. वर नियमाखाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "तातडीचे पेशंट वगळून."

मी म्हणालो, "तात्या, तुम्ही माझ्यासाठीही नंबर मोडायचात. दार तेच, तुम्हीही तेच. मग फरक काय?"

तात्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "साहेब, तुमच्या वेळी मी भुवई उडवायचो. काल ओरडून सांगितलं."

मी घरी आलो. बिनसाखरेचा चहा समोर होता. वीस वर्षांत मी किती वेळा त्या भुवईवरून आत गेलो, याचा हिशेब मांडायला लागलो. आकडा सहज लागला. पण माझ्या आधीच्या नंबरांत कोपऱ्यात कोणी घाम पुसत बसलं होतं का, हे काही केल्या आठवेना. मी बघितलंच नव्हतं.

परवा पुन्हा गेलो. नंबर चौदा. दारात पाऊल टाकताच सवयीनं माझी नजर तात्यांच्या भुवईकडे गेली. भुवई जागची हलली नाही.

"साहेब, अजून सहा आहेत," तात्या मोठ्यानं म्हणाले.

मी बसलो. या खेपेला बसल्यासारखं केलं नाही. आणि बसल्याबसल्या, पहिल्यांदाच, त्या सहाही जणांचे चेहरे नीट बघून घेतले.