सही कुठं करू?

सातवीत असताना शाळेचं एक रजिस्टर घेऊन मी गावभर फिरलो होतो. रोवणीचे दिवस होते, बाया बांधीत होत्या. माझी आई शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होती. चिखलाचा हात पदराला पुसत तिनं विचारलं, "सही कुठं करू?" मी बोट ठेवलं. ठरावात काय लिहिलंय, हे तिनं विचारलं नाही. मला वाचता येत होतं, तरी मीही वाचून दाखवलं नाही.

परवा आंधळगावला मावशीकडे हा विषय निघाला. मावशी हसत म्हणाली, "बैठकीले गेली असतीस तं का बोलली असतीस?" आई लगेच म्हणाली, "नळाचा बोलली असती. लहान पोट्ट्यायचा हात पुरत नव्हता. मून तं घरून बाटल्या भरून देत होतो."

मी गप्प झालो. ती बाटली रोज मीच नेत होतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं ही समितीची कामं. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. म्हणजे पुण्यात लाखभर फी भरणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला कायद्यानं जो अधिकार दिलेला नाही, तो रोवणीला जाणाऱ्या माझ्या आईला दिला होता. पण तो वापरायचा तर तिला दिवसाची मजुरी सोडावी लागली असती. तो सहकारी मात्र मुख्याध्यापकांना बेधडक ईमेल करतो.

'पालकांना शिक्षणातलं काय कळतं?' हा आक्षेप अगदीच खोटा नाही. अपूर्णांक कसे शिकवावेत, हे शिक्षकांनीच ठरवावं. पण मूल शाळेत कशाला घाबरतं, कापणीच्या दिवसांत घरी का राहतं, पाणी का पीत नाही, हे घरातल्यांनाच आधी कळतं. ज्या शाळेत पालकाला फक्त मुलाची तक्रार ऐकायला बोलावतात, तिथं तो ही माहिती सांगायला जात नाही. मुलालाही हळूहळू कळतं, की आपल्या आईबापांना इथं मान खाली घालूनच उभं राहायचं असतं.

रजिस्टर पाठवणारे गुरुजी वाईट नव्हते. तपासणीला येणारा सह्या मोजतो. बैठकीत कोण काय बोललं, हे विचारत नाही. त्यांनी मागितलं तेवढं पुरवलं.

मग न विचारता घेतलेली सही ही संमती म्हणायची का? माझ्या कामात दुसऱ्यानं लिहिलेला कोड न वाचता मंजूर केला आणि काही बिघडलं, तर जबाब मला द्यावा लागतो. ते मला रास्त वाटतं, कारण वाचायला वेळ मिळतो आणि नाही म्हणता येतं. आईला यातलं काहीच मिळालं नाही, तरी कागदावर जबाबदारी तिचीही झाली. नाही म्हणायची सोय नसेल, तर होकाराला अर्थ उरत नाही.

बैठक दिवेलागणीनंतर घेता आली असती. ठराव मोठ्यानं वाचता आला असता. यातल्या कशालाच पैसा लागत नव्हता.

त्या ठरावात काय होतं, ते आता मला आठवत नाही. आईला तर ते कधी कळलंच नाही.