ओंजळीतला मासा
करमणुकीसाठी मासे काचेत कोंडणे धर्म्य आहे काय? शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला मासा स्वतःच आश्रय मागतो, कारण मोठे मासे लहानांना गिळतात. मनू त्याला आधी घटात, मग खड्ड्यात ठेवतो आणि वाढल्यावर समुद्रात सोडतो. तिथला बंदिवास तात्पुरता, शिवाय माशाच्याच विनवणीवरून. मुंबईच्या १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात असे काही नव्हते. ठाणे-डोंबिवलीची कुटुंबे दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरत, ती लहानग्यांच्या हौसेखातर. पाहण्यातून करुणा उपजते, असे समर्थक म्हणतात. ते अर्धेच पटते, कारण लाभ मुलाचा आणि किंमत माशाची. जैनांचे तत्त्वार्थसूत्र याबाबत कडक आहे: जिवाला बांधून ठेवणे हाही अहिंसाव्रताचा अतिचार, म्हणजे व्रतातला दोष.