परत येण्याचा आकडा

डोलवीत एक मिस्त्री होता. मुंबई-गोवा महामार्गालगत त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. एका अंगाला पोलादाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला अंबा नदीची खाडी. खाडीवरचं खारं वारं रोज गॅरेजात शिरायचं आणि उघड्या लोखंडावर तांबूस बोट फिरवून जायचं.

मिस्त्रीच्या हाताखाली एक पोरगा होता. वय अठरा-एकोणीस. कामाला वाघ. अंगात ताकद इतकी, की त्यानं आवळलेला नट दुसऱ्या कोणाला सुटत नसे. त्याला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी होळीच्या पुनवेला मोठं उधाण आलं. खारेपाटातल्या बांधाला खांड पडली. खाडीचं पाणी भाताच्या शेतात घुसलं. खारं पाणी शेतात शिरलं की एका हंगामावर भागत नाही. पुढची दोन-तीन वर्षं जमीन हात देत नाही. म्हणून पावसाळ्याच्या आत खांड बुजवणं भाग होतं.

एक शेतकरी मिस्त्रीकडे आला. त्याच्याकडे जुन्या जीपचं इंजिन होतं, चाकं होती, पाटे होते. चेसी मात्र गंजून भुगा झाली होती.

तो म्हणाला, "मिस्त्री, नवी चेसी बनवून दे. रस्त्यावर न्यायची नाही. माती भरून बांधावरून खांडीपर्यंत जायचं आणि रिकामं परत यायचं. अमावास्येच्या उधाणाआधी पाहिजे."

मिस्त्रीनं सी-चॅनल आणले. मापं घेतली. कोन जुळवले. वेल्डिंग स्वतः केलं. पाट्यांचे हँगर तेवढे बोल्टनं बसवायचे होते, कारण पाटे कधी ना कधी खोलावे लागतात. त्यासाठी सोळा बोल्ट लागणार होते.

त्याच दिवशी मिस्त्रीला पेणला जावं लागलं. जाताना तो पोराला म्हणाला, "बारा एमएमचे बोल्ट आण. डोक्यावर ८.८ असेल तेच घे. नटावरही ८ बघून घे. रंग खरवडून मग बसव."

पोरगा वडखळला जाऊन बोल्ट घेऊन आला. आकडे बघून, एकेक निवडून आणले. तिथं तो चुकला नाही. पण चेसीला नुकताच जाड रंग दिला होता आणि तो खरवडायला त्याचं मन होईना. त्यानं रंगावरच हँगर बसवले. एकोणीसचा पान्हा लावला. मग त्याला वाटलं, माती जड, बांध खडबडीत, आणखी आवळायला हवं. त्यानं पान्ह्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि अंग टाकून ओढलं. एका जागी पान्हा जरा मऊ गेला. पोराला वाटलं, आता बसला. सोळाच्या सोळा बोल्ट त्यानं तसेच बसवले.

संध्याकाळी मिस्त्री परत आला. त्यानं पान्ह्यावरचा पाइप पाहिला. काही बोलला नाही. एक बोल्ट खोलून काढला. डब्यातून एक कोरा बोल्ट घेतला. दोन्ही बोल्ट आणि एक नवा नट पोराच्या हातात दिला.

"पान्हा नको. बोटानं फिरव."

कोऱ्या बोल्टवर नट भिंगरीसारखा शेवटपर्यंत गेला. खोललेल्या बोल्टवर तो अर्ध्यात अडकला. पोरानं जोर लावला. नट हलेना.

"आटे खराब निघाले," पोरगा म्हणाला.

"सकाळी चांगले होते. तू ते ताणलेस." मिस्त्रीनं दोन्ही बोल्ट शेजारी उभे केले. खोललेला बोल्ट केसभर उंच होता.

इथं जरा थांबलं पाहिजे, कारण ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि गॅरेजात वर्षं काढलेल्यांनाही कोणी सांगत नाही. बोल्ट हा खिळा नव्हे. ती एक कडक स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट किंचित ताणला जातो. ताणला की त्याला पुन्हा आखूड व्हायचं असतं, आणि त्या ओढीनंच तो दोन लोखंडं एकमेकांवर दाबून धरतो. नीट आवळलेला बारा एमएमचा ८.८ बोल्ट असा तीन टनांहून जास्त दाब देतो. गाडी उसळली तरी धक्का त्या दाबावर जातो, बोल्टला फारसा लागत नाही.

मिस्त्रीनं बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवलं. "इथं दोन आकडे आहेत. पहिला आठ तुटण्याचा. चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ऐंशी किलोचा भार झाला की हा तुटणार. दुसरा आठ परत येण्याचा. त्या ताकदीच्या दहा भागांतल्या आठ भागांपर्यंत ताण, तो परत मूळ लांबीवर येईल. त्याच्या पुढे गेलास की तो लांब होतो आणि लांबच राहतो. पान्हा मऊ गेला ना तुझा? तिथं तो परत यायचा थांबला."

पोराची मान खाली गेली. त्यानं सोळाही बोल्ट खोलले आणि भंगारात टाकले. हँगरखालचा रंग लोखंड उघडं पडेपर्यंत खरवडला. नवे बोल्ट, नवे नट, नवे वॉशर घेतले. पण आता हाताला भीती बसली होती. त्यानं नट जेमतेम टेकवले. मिस्त्रीनं हँगर धरून हिसडा दिला. आत बारीक टकटक झाली.

"हा नुसता लटकलाय. असा राहिला तर प्रत्येक खड्डा याच्याच अंगावर. रोज थोडा थोडा झिजेल आणि एक दिवस जाईल."

मग त्यानं कपाटातून टॉर्क पान्हा काढला. ऐंशी न्यूटन मीटरवर लावला. पोरानं आधी सगळे बोल्ट निम्म्या जोरानं आवळले, एक इकडचा, एक समोरचा. दुसऱ्या फेरीत पान्हा टक् म्हणाला की हात थांबवला. शेवटी प्रत्येक नटावरून हँगरवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

हे चाललं असताना शेतकरी येऊन उभा राहिला. रात्र झाली होती.

तो चिडून म्हणाला, "दुपारी तर बोल्ट लागले होते. मग खोलले कशाला? उद्याची ओहोटी माझ्यासाठी थांबणार आहे का?"

मिस्त्रीनं ताणलेला बोल्ट त्याच्या हातात दिला आणि नट फिरवायला सांगितलं. नट अर्ध्यात अडकला. मिस्त्रीनं कारण सांगितलं. शेतकरी बराच वेळ तो बोल्ट हातात घेऊन बसला.

मग म्हणाला, "आमच्या बांधाला उघाडी ठेवतात, तसंच आहे हे. भरतीला उघाडी मिटते, ओहोटीला उघडते आणि आतलं पावसाचं पाणी खाडीत जातं. उघाडी न ठेवता नुसता बांध घातला, तर तो आतल्याच पाण्यानं फुटतो." तो पोराकडे वळला. "तू तुझं काम कर, बाळा. मी बसतो."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी गाडी मातीनं भरली. पोरगा स्वतः चालवायला बसला. बरोबर हत्यारं होती, तो पाइपही होता. पहिली खेप खांडीवर रिकामी करून त्यानं गाडी बाजूला घेतली आणि खाली शिरला. एकही रेघ तुटली नव्हती. तरीही त्यानं सोळा बोल्टांना टॉर्क पान्हा लावला. नवं लोखंड पहिल्या भारानं एकमेकांवर बसतं, तेव्हा थोडा ताण उतरतो. दोन नट किंचित फिरले. त्यानं त्यांची रेघ पुसून नवी ओढली. शेतकरी पाण्याकडे बघत उभा होता, पण त्यानं घाई केली नाही.

मग खेपांवर खेपा झाल्या. बायका-पुरुष ढेकळं टाकत होते, पायानं दाबत होते. खांड तिन्हीसांजेपर्यंत निम्मी भरली. एका जागी माती घसरू लागली. तिथं खुंट हवा होता. पोरानं गाडीतला पाइप काढला आणि घणानं चिखलात ठोकला. माती थांबली.

तेवढ्यात पाणी फिरलं. खाडीत भरती शिरू लागली. माणसं वर चढली. पोरगा मात्र घामानं निथळत पुन्हा गाडीकडे धावला.

"अजून एक खेप मारतो, उस्ताद! होईल!"

मिस्त्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोराचे पाय थरथरत होते.

"ताण घ्यावा, पोरा. पण परत येता येईल एवढाच."

पोरगा क्षणभर उभा राहिला. मग त्यानं गाडी मागे वळवली. सकाळच्या ओहोटीला पुन्हा यायचं होतं. खांडीत पाइप तेवढा उभा होता आणि पाणी कुठवर चढलं ते त्याच्यावर दिसत होतं.