उपासाला काय सुटते?

एकादशीला काय वर्ज्य, याचे उत्तर धर्मशास्त्र पदार्थाच्या नावाने देते. धान्ये आणि कडधान्ये वर्ज्य. कंदमुळे, फळे, दूध चालते. शरीर मात्र अन्नाला नावाने ओळखत नाही. खाल्लेल्यातून किती ग्लुकोज किती वेगाने रक्तात उतरले आणि त्यासाठी स्वादुपिंडाला किती इन्सुलिन सोडावे लागले, एवढाच हिशोब तिथे असतो. हे दोन हिशोब जुळले नाहीत तर उपास घडला की नाही? प्रश्न वरवर आहारशास्त्राचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी जुना धार्मिक पेच आहे: व्रतात वस्तू सोडायची, की त्या वस्तूने होणारे पोषण?

टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून जो अर्क काढला, त्यातून इन्सुलिन हाती आले. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की ते स्रवते. स्नायू आणि मेदपेशी त्याच्या सांगण्यावरून साखर आत घेतात, यकृत ती साठवते आणि साठलेली चरबी वितळणे थांबते. पोट रिकामे राहिले की इन्सुलिन उतरते. यकृतातला साठा हळूहळू खर्च होतो आणि शरीर चरबीकडे वळते. शरीराच्या दृष्टीने उपास म्हणजे इन्सुलिन खाली असण्याचा हा काळ. ताटात नेमके काय होते, हे त्यानंतर येते.

व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीत, मोजल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. यातल्या ‘मुळा’च्या वाटेने साबुदाणा उपासाच्या पानात आला असे म्हणता येते, कारण भारतातला साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या पिष्टाचा असतो आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात मोठ्या प्रमाणावर तयार होतो. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिकेच्याच. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीतले तूप-जिरे वगळले, तर तिच्यातले जवळजवळ काहीच विदुराच्या यादीच्या काळी इथे नव्हते. यादीने वर्ग सांगितले आणि नवे पदार्थ त्या वर्गांत बसत गेले. वर्गवारीने चालणाऱ्या नियमाचे असेच होते.

साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते. प्रथिने आणि तंतू नावालाच. दाणे तयार होतानाच पिष्ट अर्धवट शिजलेले असते, पुढे ते भिजते, पुन्हा वाफवले जाते आणि पचनरसांना फारसे काम उरत नाही. अन्न रक्तातली साखर किती चढवते, हे मोजणारा ग्लायसेमिक निर्देशांक डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यात ग्लुकोजला १०० धरतात, ५५ पर्यंतचे अन्न सौम्य आणि ७० पासून पुढचे तीव्र मानतात. निव्वळ पिष्टाचे मऊ शिजलेले पदार्थ वरच्या टोकाला जातात. वर्ज्य ठरलेल्या ज्वारीत दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, तंतूही असतात. त्यामुळे एका भाकरीऐवजी दोन वाट्या खिचडी खाणाऱ्याचे स्वादुपिंड एकादशीला दशमीपेक्षा जास्त राबते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही थट्टा जीवरसायनाच्या अंगानेही खरी निघते.

तरी खिचडीला सरसकट दोषी धरणे अन्यायाचे. तिच्यातला दाण्याचा कूट हा पंचवीस टक्के प्रथिनांचा आणि जवळजवळ निम्म्या तेलाचा पदार्थ आहे. तो आणि तूप मिळून जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे साखर तितक्या झपाट्याने चढत नाही. साबुदाण्याच्या गोड खिरीला हा आधार नसतो. रताळे उकडले तर साखर बेताने वाढवते, भाजले तर बरीच जास्त. वरीच्या तांदळात साबुदाण्यापेक्षा तंतू आणि प्रथिने अधिक. सोबत दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर असली तर हे उपासाचे त्यातल्या त्यात समतोल जेवण. (काही घरांत एकादशीला वरीही चालत नाही, ती संकष्टीला चालते. वर्गाच्या कडा इतक्या धूसर असतात.) दुधाची गोष्ट वेगळी आहे. ते रक्तातली साखर फारशी वाढवत नाही, पण त्यातली प्रथिने इन्सुलिन मात्र चांगलेच वाढवतात. साखर आणि इन्सुलिन नेहमी एकाच मापाने चालत नाहीत. सिडनीत सुझान होल्ट आणि जेनी ब्रँड-मिलर यांनी १९९७ मध्ये ३८ पदार्थांचा थेट इन्सुलिन-निर्देशांक काढला, तो यासाठीच.

भारतीयांच्या बाबतीत हा हिशोब जास्त काटेकोर ठेवावा लागतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मेदस्वी असा हा भारतीय बांधा इन्सुलिनला लवकर दाद देईनासा होतो.

धर्मपरंपरांनी उपासाला एकच माप लावलेले नाही. जैन आचारात कंदमुळे मुळात वर्ज्य, म्हणजे वैष्णवांच्या यादीच्या नेमके उलट. तिथे भर आहे वेळेवर आणि प्रमाणावर. सूर्यास्तानंतर खायचे नाही, आणि भुकेपेक्षा कमी खाणे, ऊनोदरी, हे स्वतंत्र तप मानले जाते. संध्याकाळनंतर शरीर इन्सुलिनला सकाळइतका प्रतिसाद देत नाही, तेव्हा अहिंसेसाठी घातलेले हे बंधन चयापचयालाही मानवते. पण ते त्यासाठी घातलेले नव्हते, हे विसरू नये. चरकसंहितेत उपवास हा लंघनाच्या दहा प्रकारांपैकी एक आहे. तो साधला की नाही, हे अंग हलके वाटते का, खरी भूक-तहान लागते का यावरून ठरते. आधुनिक इन्सुलिन-विचाराच्या सर्वांत जवळ हेच माप येते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाकारला आहे, तर सतराव्यात शरीर छळणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे.

मग साबुदाणा खाणाऱ्याचा उपास खोटा का? नियमाच्या दृष्टीने नाही. आवडीची वस्तू ठरावीक दिवशी ठरवून न खाणे, ही संकल्पाची शिस्त आहे आणि तिची किंमत रक्ततपासणीत मोजता येत नाही. खोटा ठरतो तो त्यावर चढवलेला आरोग्याचा दावा. ‘पोटाला विश्रांती’ हे कारण द्यायचे असेल तर खिचडी, वडे आणि लाडू यांच्यामध्ये विश्रांतीला जागा नाही. पुण्य आणि पथ्य यांचे हिशोब वेगळे ठेवले तर दोन्ही प्रामाणिक राहतात.

पारण्यालाही तेच लागू पडते. दीर्घ निराहारानंतर पेशी चरबीवर चालत असतात आणि पहिल्या जेवणातली साखर नेहमीपेक्षा जास्त चढते. द्वादशीला थेट गोडावर जाणे म्हणूनच गैरसोयीचे. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला चेतवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याला धोका उलट्या बाजूचा असतो: औषध तेवढेच आणि अन्न नाही, की साखर कोसळते. अशा रुग्णांना उपासाआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी लागते, दिवसभरात साखर तपासावी लागते, आणि ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर लगेच साखर-पाणी घ्यावे लागते. बोटाला सुई टोचल्याने किंवा इन्सुलिन घेतल्याने व्रतभंग होईल, ही शंका दवाखान्यांतून ऐकू येते. विदुराच्या यादीत आठवे नाव औषधाचे आहे. रमजानच्या रोज्यांच्या बाबतीतही कुराणाने आजाऱ्याला सूट देऊन ते दिवस पुढे भरून काढण्याची मुभा ठेवली आहे.