कवचावरून जात ठरते का?

 बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाने असा पक्ष मांडला की ‘गोत्व’ नावाची वस्तू जगात नाही. जे गाय नाही ते वगळत गेले की उरते त्याला आपण गाय म्हणतो. याउलट न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे नैयायिकांच्या मते गोत्वासारखी जाती खरी असते, नित्य असते आणि प्रत्येक व्यक्तीत नांदते. या वादाची खरी कसोटी मला समुद्रातल्या फोरामिनिफेरांत दिसते. हे एकपेशीय जीव बहुतेक वाळूच्या कणाएवढे असतात, पण कप्प्याकप्प्यांचे कवच बांधतात. दॉर्बिन्यीने १८२६ साली कप्प्यांच्या मांडणीवरून त्यांचे गट पाडले आणि सगळ्यांना माकुळांच्या वर्गात बसवले. १८३५ मध्ये दुजार्दँने ते एकपेशीय असल्याचे दाखवले. १८६२ मध्ये कार्पेंटरने मांडणीपेक्षा भिंतीच्या घडणीला अधिक मान दिला. वाळूचे कण चिकटवलेली, चिनी मातीसारखी आणि काचेसारखी सच्छिद्र असे भिंतींचे प्रकार मग दीर्घकाळ वर्गीकरणाचा पाया राहिले. डीएनएची तुलना सुरू झाल्यावर मात्र वाळूची कवचे एका कुळात मावेनात. त्यांतली काही काचेरी कवचांची जवळची नातलग निघाली, काही चिनी मातीच्या कवचांची. २०१३ च्या नव्या मांडणीत कप्पे गोलसर की नळीसारखे, हा भेद भिंतीपेक्षा वरचढ ठरला.

इतक्यांदा घडी मोडली, तर वर्ग म्हणजे निव्वळ माणसाची सोय, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. सोय गैरसोयीची होऊ शकते, खोटी ठरू शकत नाही. भिंतीवरची विभागणी तर खोटी ठरली, आणि ती ठरवली जीवांच्या वंशाने. म्हणून नैयायिक जिंकले असेही नाही. वंश काळात सुरू होतो आणि संपतो, तो नित्य कसा? तरी नैयायिक उदयनाचार्यांचा एक निकष इथे चोख लागू पडतो: दोन धर्म एकमेकांना अर्धवट छेदत असतील, तर ते जाती नव्हेत. वाळूची भिंत आणि एका कुळाचे रक्त यांचे नाते नेमके असेच आहे.

याहून कठीण आक्षेप जीवाश्मांचा. न्युम्युलाइट या जीवाश्म फोरामिनिफेरांच्या एकाच जातीत मोठ्या आणि लहान पहिल्या कप्प्याची अशी दोन रूपे असतात, आणि एकेकाळी त्यांना दोन वेगळ्या जातींची नावे मिळाली होती. तिथे डीएनए उरत नाही; अभ्यासकाला दिङ्नागाच्याच वाटेने, ‘हे ते नव्हे’ म्हणत, पुढे जावे लागते. पण वगळण्याची रीत ही आपल्या ज्ञानाची मर्यादा आहे, त्या जीवांची नव्हे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरामिनिफेरांच्या कवचांतील पहिल्या कप्प्याच्या आकारावरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला गेला आहे, आणि कवचे चुकीच्या जातीत टाकली तर त्या पावसाचा हिशेबही चुकतो.