शब्दप्रमाण आणि बोलणारे यंत्र

भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या साधनाला प्रमाण म्हणतात. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले, मात्र तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. भाष्यकार वात्स्यायनांच्या विवेचनानुसार ज्याने विषय स्वतः साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच तो दुसऱ्याला कळावा या इच्छेने जो बोलतो, तो आप्त होय. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही ते सांगतात. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यापासून यंत्राने रचलेली वाक्ये गावोगावच्या मोबाइलवर पोहोचली, आणि या वाक्यांना कोणत्या प्रकारचा शब्द म्हणावे हा न्यायशास्त्राचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

जनरेटिव्ह एआय म्हणजे मजकूर, चित्र किंवा आवाज नव्याने घडवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्या भाषिक प्रकारात मजकुराचे लहान तुकडे केले जातात, त्यांना टोकन म्हणतात, आणि प्रत्येक टोकनाच्या जागी आकड्यांची एक लांब रांग ठेवली जाते. अफाट मजकूर वाचताना यंत्र पुढचे टोकन कोणते असेल याचा अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला की आतले कोट्यवधी भारांक, म्हणजे कोणत्या धाग्याला किती वजन द्यायचे हे ठरवणाऱ्या संख्या, किंचित बदलले जातात. 2017 साली गूगलमधील संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेमुळे वाक्यातील दूरदूरच्या शब्दांचे परस्परसंबंधही एकाच वेळी तोलता येऊ लागले. पावसाळ्यातील सोलापूरची वर्तमानपत्रे अशा यंत्राला वाचायला दिली, तर ‘दौंड’ या ठिकाणाच्या नावानंतर ‘विसर्ग’ आणि ‘विसर्ग’नंतर ‘क्युसेक’ हे प्रवाहाचे एकक येण्याचा संभव मोठा आहे हे ते शिकते. पाणी ओले असते हेही त्याला कळते, पण ‘पाणी’ आणि ‘ओले’ हे शब्द एकमेकांशेजारी येतात एवढ्याच आधारावर.

शेजारावरून अर्थ ओळखण्याची ही रीत कोठे अडते, हे उजनी धरणाविषयीच्या एका शब्दावरून स्पष्ट होते. भीमा नदीवरील हे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे 117 टीएमसी असून (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न मोजले जाणारे तळाचे पाणी, आहे. धरणाची टक्केवारी मात्र उपयुक्त साठ्याची सांगतात. म्हणून ‘उजनी शून्यावर आली’ असे म्हणतात तेव्हा धरणात 63 टीएमसी पाणी उभेच असते, आणि पातळी त्याखाली गेली की काठचे लोक ‘उजनी उणे झाली’ असे म्हणतात. शून्यापाशी कोरडेपणाचे शब्द येतात हे असंख्य ठिकाणी वाचलेले यंत्र ‘शून्य टक्क्यांवर धरण कोरडे पडले’ असे वाक्य सहज लिहू शकते. त्या वाक्याचे व्याकरण निर्दोष असते आणि अर्थ खोटा. यात लबाडी नसते, कारण लबाडीलाही सत्य ठाऊक असावे लागते. येथे साक्षात जाणणेही नाही आणि सांगण्याची इच्छाही नाही, म्हणजे आप्ताच्या दोन्ही अटी रिकाम्या राहतात.

यावर एक गंभीर आक्षेप मीमांसा दर्शनाच्या बाजूने घेता येईल. मीमांसकांनी वेदाला अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला, मानले आणि रचणारा नसल्यामुळेच त्यात रचणाऱ्याचे दोष शिरत नाहीत असा युक्तिवाद केला; मग बोलणारा नसलेले यंत्रवाक्यही तसेच निर्दोष का मानू नये? उत्तर असे की, यंत्राचे वाक्य अपौरुषेय नसून बहुपौरुषेय आहे: लाखो माणसांच्या लिहिण्यातले खरे, खोटे, पूर्वग्रह आणि विसर त्यात मिसळलेले असतात, फक्त कोणाचे काय ते ओळखू येत नाही. वैशेषिक दर्शनाने शब्दाला अनुमानातच समाविष्ट केले, आणि यंत्राच्या बाबतीत ही भूमिका अधिक उपयोगी वाटते. पण अनुमानाला धूर आणि अग्नी यांच्यासारखी अतूट व्याप्ती, म्हणजे नित्य साहचर्य, लागते, तर यंत्राकडे केवळ संभवाची मोजणी असते. त्यामुळे यंत्राचे वाक्य शोधाला दिशा देऊ शकते, पण निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. शेतातील संवेदकाने मोजलेला ओलावा यंत्राने शेतकऱ्याला सांगितला, तर विश्वास त्या मोजणीवर बसतो, वाक्यरचनेवर नव्हे.

उजनीकाठच्या गावांसाठी आप्तवाक्य आणि यंत्रवाक्य यांतला हा भेद केवळ शास्त्रीय नाही. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि त्याविषयी पुष्कळ छापून येते, म्हणून यंत्र त्याबद्दल बरेच काही बोलू शकेल. करमाळा तालुक्यातील बुडालेल्या गावठाणांतल्या गल्ल्या, पाणवठे आणि बांध यांविषयी लिहिलेले फार थोडे असल्याने तेथे ते इतर शंभर गावांची सरासरी भरून देईल, आणि ही सरासरी वाचताना कोणालाही पोकळी जाणवणार नाही, हे अधिक दुःखद आहे. केत्तूर किंवा वांगी या नावांपुढे नंबर एक, नंबर दोन असे आकडे लागतात. यंत्राच्या लेखी ते आणखी एक टोकन असते, तर विस्थापित म्हाताऱ्याच्या लेखी एकाच गावाचे तुकडे कसे झाले त्याची ती मोजदाद असते. पाणी हटल्यावर गाळपेरीला उतरलेला असा माणूस चिखलातून वर आलेल्या विहिरीच्या काठाकडे हात करून आपला मळा येथून सुरू होत होता असे नातवाला सांगतो, तेव्हा वात्स्यायनांच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात, आणि ते वाक्य अजून कोठेही लिहिले गेलेले नसते.