खिडकीचा काय गुन्हा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला अन् आमचं माळवद बसलं. माय त्यातच गेली. उजाडल्यावर बघतो तर दगड-मातीचा ढीग, पण सागवानी खांब अन् तुळया बऱ्याच उभ्या. ढिगात एक खिडकी, चौकट अन् झडपांसकट साबूत.

पुढं सिमेंटचं घर झालं. खिडकी तीस वर्षं गोठ्यात पडून राहिली. मागं जुन्या लाकडाचा व्यापारी आला. पोरगं म्हणलं, "आबा, देऊन टाका. त्याच घरानं आजीला खाल्लं."

मला उत्तर सुचेना. रात्री विचार केला, घर पडलं कशानं? मातीत रचलेल्या जाड भिंतीत आरपार दगड नव्हते. वर मातीचं ओझं. गळू नये म्हणून दर मिरगाआधी नवा थर मीच चढवायचो, जुना कधी उतरवला नाही. मग गुन्हा लाकडाचा का माझा?

कंधारकडचा सुतार बोलावला. वाळवीनं खाल्लेलं तेवढंच कापलं, तिथं जुन्याच सागाचा तुकडा सांधला, वरून जवसाचं तेल दिलं. तुकडा वेगळा दिसतो. सुतार रंग देतो म्हणला, मी नको म्हणलं. झालेली दुरुस्ती कशाला झाकायची?

जुनं सगळंच चांगलं नसतं अन् सगळंच टाकायचंही नसतं. चूक कुठं झाली ते आधी धुंडावं. मायीच्या मरणाचा दोष खिडकीवर टाकला असता, तर माझा मला कधी दिसलाच नसता.

आता ती सिमेंटच्या भिंतीत बसवलीय. सकाळी उठून पोरगंच उघडतं.